जुन्या ट्रकचे पाठभेद



गेल्या कार्तिकात माझा एक जुना विद्यार्थी सकाळीच माझ्या ओटीवर येऊन बसला. श्रीवर्धनला समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर चार खोल्या बांधून त्याने पाहुण्यांच्या उतरण्याची सोय केली आहे. चहाचा पेला हाती घेण्यापूर्वीच तो म्हणाला, "गुरुजी, आबांची गाडी सापडली!"

आबा म्हणजे त्याचे वडील. ते आता हयात नाहीत. येथल्या एका बागायतदाराच्या चेव्हरोलेट पिकअप ट्रकवर त्यांनी वीस वर्षे ड्रायव्हरी केली. श्रीवर्धनी रोठा सुपारीची पोती म्हसळ्यावरून माणगावास पोहोचवावयाची, हे त्या गाडीचे नित्याचे काम. आणि परतीच्या वाटेवर रिकाम्या हौद्यात आम्हा पोरांना बसवून घ्यावयाचे, हा आबांचा नित्याचा अपराध. पुढे मालकाने गाडी विकली व ती कोठे गेली याचा पत्ता कोणास राहिला नाही. आता पनवेलच्या बाजूस एका व्यापाऱ्याच्या शेडमध्ये तशीच गाडी उभी होती; तांबडी, चकचकीत, रुंद चाकांची. ती १९५० सालची असून नखशिखांत मूळची आहे, असे व्यापाऱ्याचे म्हणणे. माझ्या विद्यार्थ्याने आपल्या वडिलांची हकीकत त्याला मोठ्या प्रेमाने ऐकवल्यावर तर ती श्रीवर्धनाहूनच आली असल्याचेही त्याला आठवू लागले! मागितलेली रक्कम ऐकून मी चष्मा काढून पुसला. मुलाच्या साऱ्या शिलकेइतकी ती होती.

ताडून पाहावयास कागद नव्हता. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात त्यांच्या घराची कौले उडाली आणि आबांच्या पेटीतील पावत्यांचा पावसाने लगदा झाला. व्यापाऱ्याजवळचे नोंदणीपुस्तक दुय्यम प्रतीचे. मागल्या मालकांची नावे त्यात नव्हती. तेव्हा साक्ष द्यावयाची ती खुद्द गाडीनेच.

मराठी शिकवण्यात ज्याचा जन्म गेला त्याला मोटारीतले काय कळणार, अशी शंका कोणास येईल. माझे थोरले बंधू लालबागला एका वर्कशॉपमध्ये फिटर होते. मॅट्रिक झाल्यावर दोन वर्षे त्यांच्या हाताखाली पाने पुसण्याचे व ते हातात देण्याचे काम मी केले आहे. तेवढ्या विद्येवर आणि बंधूंना वारंवार विचारून जे समजले त्यावर आजचे हे भाषण आहे. शिवाय हा प्रश्न मला माझ्या धंद्यातला वाटला. नाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा मूळची ओवी कोणती व मागाहून घुसडलेली कोणती हेच त्यांना पाहावयाचे होते. जुन्या गाडीतही मूळ संहिता असते, पाठभेद असतात आणि प्रक्षेपही असतात.

प्रथम मूळ कशाला म्हणावयाचे ते ठरवले पाहिजे; कारण आपल्या देशातील जुन्या ट्रकांच्या बाबतीत हे वाटते तितके सोपे नाही. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडी येथे जोडणीचा कारखाना उघडला. परदेशातून सुटे भाग पेट्यांतून यावयाचे व ते येथे जोडले जावयाचे. १९५४ साली तो बंद झाला. कुर्ल्यास प्रीमियर कंपनी डॉज व फार्गो गाड्या अशाच जोडीत असे, आणि महिंद्रांच्या जीपा माझगावात उभ्या राहिल्या. त्यातही पुष्कळ ट्रक नुसती चासी, इंजिन व पुढचे तोंड एवढ्यावरच विकले जात. केबिन आणि हौदा गिऱ्हाईक आपल्या सुताराकडून सागवानात बांधून घेई. म्हणजे अमेरिकेतील चित्राशी आपला ट्रक जुळला नाही, एवढ्यावरून तो बनावट ठरत नाही. सुकाणू उजवीकडे असणे हेही येथे मूळचेच लक्षण. उलट एखाद्या गाडीत इंजिन व केबिन यांमधील पत्र्याच्या भिंतीवर डाव्या बाजूस बुजवलेली भोके आढळली, तर तिचे सुकाणू डावीकडून उजवीकडे आणले असल्याचा संशय घ्यावा. ती गाडी मागाहून परदेशातून आलेली असण्याचा संभव फार.

सुदैवाने आबांच्या गाडीचा एक पिवळा पडलेला फोटो त्यांच्या बहिणीच्या घरी निघाला. पायपाटीवर एक पाय ठेवून आबा उभे आहेत, मागे लोखंडी केबिन, पुढे पाच आडव्या पट्ट्यांची जाळी. त्यावरून चेव्हरोलेटचा हा नमुना निश्चित झाला. तो १९४७ च्या मध्यास निघाला व १९५५ च्या आरंभापर्यंत चालला. लांबून पाहणाऱ्यास ही सारी आठ वर्षे एकसारखी दिसतात. जवळून पाहणाऱ्यास दर एकदोन वर्षांनी काहीतरी बदललेले आढळते, आणि तेथेच परीक्षा होते.

१७१३ साली बाळाजी विश्वनाथांना पेशवाईची वस्त्रे मिळाली. ते आमच्या श्रीवर्धनचे, म्हणून हे उदाहरण घेतो. त्या सालचे म्हणून कोणी एखादे पत्र दाखवले आणि त्यात आगगाडीचा उल्लेख निघाला, तर अक्षर कितीही वळणदार असो, कागद कितीही जीर्ण असो, आपण ते बाजूस ठेवू. कारण मुंबई-ठाणे आगगाडी धावली ती १८५३ साली. अशी कालविसंगती गाडीतही शोधावी. या चेव्हरोलेटच्या दरवाजात मोठ्या काचेपुढे वारा घेण्यासाठी एक लहान तिकोनी फिरती काच असते. ती १९५१ पासूनची; तत्पूर्वीच्या दरवाजात ती नाही. दरवाजाची बाहेरची मूठ १९५१ पर्यंत खाली दाबून फिरवावयाची होती. अंगठ्याने कळ दाबण्याची मूठ आली १९५२ साली. समोरच्या काचेचे मध्ये उभी पट्टी घालून दोन भाग केलेले असत. अखंड वक्र काच व निराळ्या घडणीची जाळी १९५४ ची. पेट्रोल ओतण्याचे तोंडही सांगते: पहिल्या दोन वर्षांत ते हौद्याच्या बाजूस होते, पुढे १९४९ मध्ये टाकी केबिनमध्ये बैठकीच्या पाठीमागे आली व तोंड दरवाजामागे निघाले.

पनवेलच्या त्या तांबड्या गाडीला काच दुभंगलेली होती, जाळी पाच पट्ट्यांची होती, टाकीचे तोंडही दरवाजामागे होते. येथवर १९५० ला बाध नव्हता. परंतु दोन्ही दरवाजांना तिकोनी काच होती आणि मुठीला अंगठ्याची कळ! फोटोत आबांच्या कोपरामागे जी मूठ दिसते ती साधी, दांडीसारखी. मी व्यापाऱ्याला विचारले. तो म्हणाला, "मास्तर, दरवाजे बदलले असतील कोणी." मी म्हटले, मग नखशिखांत हा शब्द तेवढा मागे घ्या.

दरवाजे बिजागरीवरून उतरतात, तो गंभीर दोष नव्हे. केबिनच बदलली आहे काय, हा पुढला प्रश्न. कारखान्याने लावलेली ओळखपट्टी दरवाजालगतच्या खांबावर असते. लोक ती वाचून साल ठरवतात व समाधान पावतात. पण पट्टी केबिनवर असते, चासीवर नव्हे, हे विसरतात. एका गाडीची केबिन दुसरीवर चढवली तर पट्टी केबिनबरोबर जाते. आणि कोणी धूर्त निघाला तर नुसती पट्टीच उचलून नेतो. म्हणून पट्टीवरचे आकडे वाचण्याआधी ती कशाने बसवली आहे ते पाहावे. येथे पट्टी सत्तर वर्षांची मळलेली आणि तिला धरणारे ॲल्युमिनियमचे रिव्हेट कालपरवाचे, लखलखीत. नंबर धातूत ठोकलेला असेल तर त्यावर कागद धरून पेन्सिल घासावी. परिवहन कार्यालयातही नंबराची छाप अशीच घेत आले आहेत. डोळ्यांना न दिसणारी कानशीची घासणी, कमीजास्त खोलीचे आकडे, मागे उरलेली जुन्या आकड्याची सावली, हे सर्व कागदावर उतरते.

मग चुंबक. रुमालात गुंडाळलेले एक लहान चुंबक केबिनच्या पत्र्यावरून हलकेच फिरवीत न्यावे. पत्रा असेल तेथे ते चिकटते. रंगाखाली पुट्टीचा जाड थर असेल तेथे सुटून हातात येते. या नमुन्याच्या गाड्या विशेषतः केबिनचे मागले खालचे कोपरे, दरवाजाचा तळ आणि पायाखालचा पत्रा येथे गंजतात. आमच्या खाऱ्या वाऱ्यात तर खिडकीचे गजदेखील काही पावसाळ्यांत पोखरले जातात. तेव्हा कोकणात वीस वर्षे राबलेल्या केबिनचे कोपरे नितळ असतील, तर ते नवे असले पाहिजेत किंवा ती केबिन कोकणात राहिलेली नसली पाहिजे. या गाडीचे कोपरे सर्वत्र चुंबकाला धरून राहिले. आतून पाहिले तर जुना पत्रा, जुना रंग, गंजाचा मागमूस नाही. केबिन कोठल्यातरी कोरड्या मुलखातील होती, हे मी तेव्हाच मनाशी धरले. विद्यार्थ्याचा चेहरा उतरला. मी त्याच्याकडे पाहण्याचे टाळले.

बॉनेट उघडले तेव्हा फार विचार करावा लागला नाही. १९५० च्या गाडीत सहा सिलिंडरांचे, २१६ घनइंचांचे पेट्रोल इंजिन असते. ते असते तर कशी परीक्षा करावी ते सांगून ठेवतो. त्याच्या माथ्यावरचे झाकण मधोमध दोन बोल्टांनी आवळलेले असते. १९५४ नंतरच्या २३५ घनइंची इंजिनाचे झाकण पुढे कडेवरच्या चार स्क्रूंनी बसू लागले. ओतीव लोखंडावर जन्मतारीखही उठवलेली सापडते: महिन्याचे एक अक्षर, जानेवारीचे ए, फेब्रुवारीचे बी याप्रमाणे, त्यापुढे दिवस आणि शेवटी सालाचा फक्त अखेरचा आकडा. शून्य दिसले तर १९४० की १९५० हे आपण इतर लक्षणांवरून ठरवावयाचे. ही तारीख गाडीच्या तारखेहून काही आठवडे अलीकडची नव्हे, पलीकडची असली पाहिजे. आई मुलाहून धाकटी असून चालत नाही.

पण येथे प्लग नव्हते, ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्यूटर नव्हता. होता तो डिझेलचा पंप. मॅटॅडोर गाड्यांमधील चार सिलिंडरांचे इंजिन त्यात बसवले होते. १९७३ नंतर पेट्रोल महाग झाले तेव्हा डिझेल स्वस्त म्हणून असे इंजिनबदल आपल्याकडे गावोगाव झाले. त्यात लबाडी नव्हती, पोटाची सोय होती. मात्र इंजिन बदलले की बदल तेवढ्यावर थांबत नाही. गाडीखाली वाकून मागच्या आसाकडे जाणारा दांडा पाहा. या लहान चेव्हरोलेटमध्ये तो १९५४ पर्यंत एका बंद नळीच्या आत फिरत असे. येथे दांडा उघडा, दोन्ही टोकांना क्रॉसचे सांधे. म्हणजे गिअरपेटी परकी, आणि मागचा आसही परका. सहा व्होल्टची विद्युत्‌योजना जाऊन बारा व्होल्टची आली होती, डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर होता. हे ओघानेच आले.

येथे माझी एक चूक कबूल करतो. गिअरचा दांडा जमिनीतून वर आलेला पाहून मी मोठ्या ऐटीने म्हणालो, "हा पाहा दुसरा पुरावा; १९५० ला दांडा सुकाणूच्या खांबावर असतो." रात्री बंधूंना फोन केला तेव्हा ते हसले. तीन गिअरांच्या पेटीचा दांडा खांबावर असे हे खरे, परंतु चार गिअरांची पेटीही कारखाना मागणीप्रमाणे देत असे व तिचा दांडा जमिनीतच असे. मग त्यांनीच आठवण दिली की आबांच्या गाडीचाही दांडा जमिनीतच होता. हौद्यात बसणाऱ्याला तो कसा दिसणार! एका लक्षणावरून निकाल देऊ नये, हे मी चाळीस वर्षे पोरांना शिकवत आलो होतो.

हौशी अलंकारांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ते दिसतातच. मूळची चाके सोळा इंचांची, अरुंद टायरांची; येथे होती ती रुंद, मिश्रधातूची. गाडी जमिनीकडे झुकलेली होती, म्हणजे कमानपाट्यांतील काही पाटे काढून टाकले होते. पुढच्या चाकांना ड्रमऐवजी डिस्कचे ब्रेक होते. खरे सांगतो, हा शेवटचा बदल मला आवडला. आमच्या घाटांत आबांनी जुन्या ब्रेकांवर पोती कशी उतरवली असतील हे त्यांचे त्यांना ठाऊक.

आता कायद्याचे सांगणे भाग आहे, कारण किंमत त्यावर अवलंबून होती. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांच्या नोंदणीचे नियम प्रसिद्ध केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटलेली, खाजगी वापराची दुचाकी व चारचाकी वाहने त्यात येतात. त्यांच्या पाटीवर राज्याच्या खुणेपुढे व्हीए ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीस वीस हजार रुपये शुल्क आहे व ती दहा वर्षे चालते. अशी गाडी प्रदर्शनास वा शर्यतफेरीस नेता येते, नित्याच्या रहदारीस नव्हे. परंतु मुख्य अट अशी की वाहन मूळ स्वरूपात असले पाहिजे. चासी, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. व्यापारी या नोंदणीचे आमिष दाखवून किंमत सांगत होता, आणि गाडीत डिझेल इंजिन! शिवाय आबांची गाडी ही मालवाहू. खाजगी वापराच्या अटीत ती बसते की नाही हाही प्रश्नच. निर्मात्याच्या मूळ नोंदीपासून दूर जाणारे फेरफार करू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सर्वच वाहनांविषयी स्पष्ट केले आहे. इंजिन बदलावयाचे तर परवानगी व पुस्तकात नोंद हवी; त्या दुय्यम पुस्तकात इंधन म्हणून अजून पेट्रोलच लिहिलेले होते.

इतके झाल्यावर परत निघावयाचे, असे मी ठरवले होते. तरी चासी पाहावयाची राहिली होती. आणि मिस्त्री जोडीला असताना ती न पाहता जाणे बरे दिसेना. चासीचे दोन लांब दांडे व त्यांना जोडणारे आडवे दांडे कारखान्यात तापवलेल्या रिव्हेटांनी जोडलेले असतात. त्यांची डोकी गोल, घुमटासारखी. रिव्हेटाच्या जागी बोल्ट दिसला तर ती जोडणी कोणीतरी एकदा उघडलेली आहे. गॅसने कापलेली कड खडबडीत, कुरतडल्यासारखी असते. आणि वेल्डिंगची रेघ रंगाखालीही बोटाला लागते. इंजिन बसवण्यासाठी पुढला आडवा दांडा असाच कापून पुन्हा जोडला होता. मिस्त्री टॉर्च घेऊन मागे मागे सरकत गेला, आणि डाव्या दांड्यावर, केबिनच्या मागील बाजूस, थांबला. "गुरुजी, इथे थिगळ आहे," तो म्हणाला.

हातभर लांबीची लोखंडी पट्टी दांड्याच्या बाहेरून बसवली होती. वेल्डिंग नाही, गरम रिव्हेट, हाताने ठोकलेले, एकाचे डोके दुसऱ्यासारखे नाही. मी मोजले, ते सहा भरले. वर तांबडा रंग जाड चढवलेला. विद्यार्थी तोवर बाहेरच उभा होता. त्याला मी एवढेच विचारले, "आबांच्या गाडीची चासी कधी मोडली होती का रे?"

तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला की होय, आपण जन्मण्यापूर्वी, भर पावसात म्हसळ्याच्या अलीकडे भरल्या गाडीचा डावा दांडा तडकला होता. वेल्डिंग मिळण्यासारखे नव्हते. लोहाराला बोलावून दोन दिवस रस्त्याकडेला गाडी ठेवून पट्टी मारून घेतली. आबा ही गोष्ट पुष्कळदा सांगत, आणि सांगताना हसत. कारण लोहाराने घाईत एक भोक चुकीच्या जागी पाडले व ते तसेच रिकामे राहिले. "सात भोके, सहा रिव्हेट," असे ते म्हणत. हे त्याने व्यापाऱ्याला कधी सांगितले नव्हते. त्याला स्वतःलाच ते आठवले नव्हते.

मिस्त्रीने स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने पट्टीच्या मागल्या टोकाशी रंग खरवडला. प्रथम पुट्टी निघाली. मग तिच्याखालून करंगळी जाईल एवढे भोक उघडे पडले, पट्टीच्या रेषेहून अर्धा इंच खाली.

विद्यार्थी पाठीवर झोपून आत सरकला. बराच वेळ तो बाहेर आला नाही व आम्हीही त्याला हाक मारली नाही. व्यापारी मात्र खुशीत आला, "मी म्हणत होतो ना!" असे त्याने दोनदा म्हटले. तेव्हा मी वहीतले टिपण त्याला वाचून दाखवले: केबिन परकी, दरवाजे १९५२ किंवा त्यानंतरचे, इंजिन, गिअरपेटी व मागचा आस परके, हौदा नवा, ओळखपट्टी मागाहून मारलेली. हे सर्व विक्रीच्या पावतीवर तपशीलवार लिहून दे, व्हीए नोंदणीची गोष्ट सोडून दे आणि मग किंमत सांग, असे म्हटले. दोन आठवडे घासाघीस चालली. अखेर पहिल्या रकमेच्या निम्म्याहून कमीत सौदा ठरला आणि पावती तशी लिहून मिळाली. पुस्तकात इंधनाची नोंद दुरुस्त करण्याचा अर्ज त्याने परिवहन कार्यालयात दिला आहे.

गाडी सध्या त्याच्या अंगणात माडाखाली उभी आहे. रुंद चाके त्याने विकून टाकली व सोळा इंची जुनी मिळवली. हौद्यात फणसाच्या फळ्या घातल्या आहेत, कारण आबांच्या वेळी त्या फणसाच्याच होत्या. ही मात्र माझी स्वतःची आठवण, पावसात भिजलेल्या त्या फळ्यांचा पिवळा रंग आमच्या चड्ड्यांना लागत असे. दांड्यावरचा तांबडा रंग थिगळापुरता खरवडून तेथे तेल लावून ठेवले आहे. सातवे भोक त्याने बुजवू दिले नाही. मुठीला दांडी असलेले, तिकोनी काच नसलेले दरवाजे अद्याप मिळालेले नाहीत.